झाडांची आवड असलेल्या आईला ठाणे-नवी मुंबई परिसरातील कोणती उद्याने दाखवावीत, आणि कोणत्या महिन्यात व कोणत्या वेळी?

घणसोलीकर

नमस्कार. माझी आई अकोल्याला राहते. यंदा संक्रांत झाली की ती आमच्याकडे घणसोलीला येणार आहे आणि अक्षय्य तृतीया करूनच परत जाणार आहे. तिने आयुष्यभर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. झाडे हा तिचा जिव्हाळ्याचा विषय असून अनोळखी झाड दिसले की त्याचे पान उलटून, चुरगळून, वास घेऊन पाहिल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. तिच्या मुक्कामात ठाणे, नवी मुंबई आणि लोकलने सहज पोहोचता येईल अशा अंतरावरची चांगली उद्याने तिला दाखवावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक अडचण तिच्या गुडघ्यांची आहे. सपाट वाटेवर ती अर्धा-पाऊण तास आरामात चालते, पण मध्ये टेकायला बाक हवा आणि पायऱ्या शक्यतो नकोत. दुसरी अडचण हवेची. कोकण किनारपट्टीचे हवामान ‘सम व दमट’ असल्याचे आपण शाळेत पाठ केलेले असते आणि नुसते आकडे पाहिले तर अकोल्याच्या उन्हाळ्यातील ४४-४५ अंशांपुढे आपले ३३-३४ अंश फारसे वाटत नाहीत. तरीही आईचा अनुभव उलटा आहे. तिकडे भर उन्हातून येऊन कडुलिंबाखाली बसले की जिवाला थंडावा मिळतो आणि इथे दाट सावलीत बसूनही घामाची धार थांबत नाही, असे ती म्हणते.

म्हणून माझी विचारणा अशी आहे, की खेळणी, कारंजी आणि रोषणाई यांच्यापेक्षा झाडे पाहण्यासाठी जावे अशी ठिकाणे कोणती, जानेवारी ते एप्रिल या काळात त्यांचा क्रम कसा लावावा आणि दिवसाची कोणती वेळ धरावी? घणसोली स्थानक जवळ असल्याने रेल्वेने जाणे आम्हांला सोयीचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पाचपाखाडी

तुमच्या आईंचे निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि विज्ञानाच्या शिक्षिकेला त्याचे कारणही ठाऊक असणार. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो, त्यामुळे ऊन टळले तरी पुरते. दमट हवेत घाम वाळायला वारा लागतो. आपल्या किनाऱ्यावर बाग निवडताना लोक फक्त सावली पाहतात, आणि चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या, वारा कोंडलेल्या बागेत जाऊन बसतात. सावली आणि वारा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळतील अशी जागा आणि अशी वेळ शोधणे, हे इथल्या भटकंतीचे खरे सूत्र आहे.

वाऱ्याचे वेळापत्रक साधारण ठरलेले असते. हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो कोरडा आणि गार असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि तो संध्याकाळपर्यंत टिकतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात आणि मार्चमध्ये पूर्वेकडचे उष्ण वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरापर्यंत अडून राहतो. आपल्याकडे वर्षातील सर्वाधिक तापमानाच्या नोंदी पुष्कळदा मे महिन्यात न होता मार्चमध्ये होतात, त्या यामुळेच. म्हणून जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला सकाळी निवांत निघून साडेअकरापर्यंत फिरावे. मार्च उजाडला की एक तर सूर्योदयाला बागेत हजर राहावे, नाही तर साडेचारनंतर पाण्याकाठी जावे. एप्रिलमध्ये दुपार पूर्णपणे टाळावी. महापालिकांची बरीच उद्याने दुपारी काही तास बंदच असतात, त्यामुळे तो मोह तसाही होत नाही.

ठाण्यातील ठिकाणांविषयी थोडेसे सांगतो. पाचपाखाडीतील कचराळी तलाव आकाराने लहान आहे, पण त्याच्या काठची वाट सपाट असून मोठ्या झाडांची सावली आणि थोड्या थोड्या अंतरावर बसायची सोय आहे. आईंसाठी सुरुवात येथून करावी. मासुंदा तलाव, म्हणजे आपली तलावपाळी, संध्याकाळी गर्दीने आणि वाहनांच्या आवाजाने भरलेली असते. तिथे जायचे तर कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन पहाटेच एक फेरी मारावी. उपवन तलावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, त्यामुळे सूर्य शहरापेक्षा तिथे लवकर आड होतो आणि संध्याकाळची सावली अर्धा तास तरी आधी उतरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये साडेचार-पाच वाजता तिथे पोहोचावे.

वाटेत कुठेही जुना पर्जन्यवृक्ष दिसला तर आईंना जरा थांबायला सांगा. आपल्या जुन्या रस्त्यांवरची ती छत्रीसारखी पसरलेली झाडे मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील आहेत. त्यांच्या पर्णिका उन्हात सपाट पसरलेल्या असतात आणि दिवस कलू लागला की जोडीजोडीने मिटत जातात. अर्ध्या तासाच्या अंतराने एकच फांदी दोनदा पाहिली तर हा फरक सहज कळतो. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने मुंबई परिसरातील असे कितीतरी वृक्ष वाळून गेले. जे उरले आहेत ते डोळे भरून पाहून घ्यावेत, असे मला फार वाटते.

झाडांची ओळख

झाडांसाठी म्हणून एकच ठिकाण निवडायचे असेल तर ते ठाण्यातही नाही आणि नवी मुंबईतही नाही. ते भायखळ्याला आहे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची बाग, १८६२ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. आजचे लोक तिथे पेंग्विन आणि वाघ पाहायला जातात, पण या बागेचा पाया वनस्पती उद्यानाचा आहे. ५० एकरांहून थोड्या अधिक जागेत तीन हजारांच्या आसपास झाडे आहेत, त्यांत कित्येक शंभरी ओलांडलेली आहेत आणि जगाच्या वेगवेगळ्या उष्ण प्रदेशांतून आणलेल्या जाती तिथे शेजारी शेजारी वाढलेल्या आहेत. इतक्या जुन्या, इतक्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांखालून सपाट रस्त्याने चालत जाण्याची सोय आपल्या परिसरात दुसरीकडे नाही.

हे शक्य कसे झाले, याचे उत्तर आपल्या हवेतच आहे. इथे कधी बर्फ पडत नाही, हिवाळ्यात पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणून आफ्रिकेतील गोरखचिंच, म्यानमारमधील उर्वशी, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आणि मादागास्करचा गुलमोहर या साऱ्यांना इथे वाढता आले. तुमच्या आईंना अकोल्यात यांतील उर्वशी सहसा पाहायला मिळणार नाही, कारण तिला कोरडा उन्हाळा सोसत नाही. थंडी संपत आली की उर्वशीला फुलांचे लांब झुंबर लागते. लांब देठावर खाली झुकलेली गडद गुलाबी फुले असतात आणि वरच्या मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. तिची कोवळी पाने तपकिरी-जांभळी आणि इतकी लुळी असतात, की प्रथम पाहणाऱ्याला फांदी वाळत आली आहे असे वाटावे. सीता अशोकाची पालवीही अशीच तांबूस आणि लोंबती असते, आणि त्याचा शेंदरी फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये जाड, जुन्या फांद्यांवर थेट उमटतो. ही दोन्ही झाडे एकाच दिवशी पाहिली तर तुलना करायला आईंना आनंद होईल. दोघांचे कूळ एकच, शेंगावर्गीय.

कैलासपतीजवळ मात्र सावधपणे उभे राहावे. त्याची फुले फांद्यांच्या शेंड्यांना येत नाहीत. खोडातून निघालेल्या, एकमेकांत गुंतलेल्या दोरखंडासारख्या फांदोऱ्यांवर ती येतात. सहा जाड, मांसल पाकळ्या आतून गुलाबी आणि बाहेरून पिवळसर असतात, आणि मधोमध पुंकेसरांचा एक पट्टा नागाच्या फण्यासारखा वळून स्त्रीकेसरावर छत्र धरतो. गंध दूरवर येतो. सगळी कौतुकाची गोष्ट आहे, पण तोफगोळ्याएवढे कठीण फळ त्याच खोडावर लटकलेले असते आणि ते केव्हा पडेल याचा भरवसा नसतो. म्हणून त्याच्या बुंध्याशी बसू नये.

बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. सकाळी साडेनऊच्या सुमारास प्रवेश सुरू होतो. शनिवार-रविवारी शाळकरी मुलांची आणि कुटुंबांची फार गर्दी असते, म्हणून मंगळवार किंवा गुरुवार धरावा. प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे जाणारा मुख्य रस्ता सोडून कडेच्या वाटा घेतल्या की निम्मी गर्दी मागे राहते. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या बाजूला घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्यांची वेळ वेगळी काढावी, झाडांच्या दिवशी त्यांचा समावेश करू नये. फेब्रुवारीत महापालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते. ते सुंदर असते, पण त्या दिवशी कुंड्यांपुढची रांग पाहता मोठी झाडे निवांत पाहणे शक्य होत नाही.

खाडीकाठ

राणीची बाग श्रेष्ठ आहे याबद्दल दुमत नाही, पण घणसोलीत राहणाऱ्याने खाडीकडे पाठ फिरवू नये. अकोल्याच्या माणसाला दुर्मीळ विदेशी वृक्ष एखाद्या कृषी विद्यापीठाच्या आवारात तरी दिसेल. तिवराचे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या कांदळवनाचे जंगल मात्र तिथे दिसणार नाही.

ऐरोलीला वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिची रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत नोंद झाली. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग कांदळवनाचा आहे. आईंना तिथे तिवराचे पान हातात घेऊन पाहू द्या. खारे पाणी शोषून घेतल्यावर जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात आणि बोट फिरवून जिभेला लावले तर चव कळते. बुंध्याभोवतीच्या चिखलातून पेन्सिलीसारखी शेकडो मुळे सरळ वर आलेली असतात. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे वर येऊन श्वास घेतात. चिपी या कांदळवनातल्याच दुसऱ्या झाडाची मुळे याहून जाड असतात. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून मान मिळाला, हेही त्यांना आवर्जून सांगा.

केंद्राची बोटफेरी भरतीवर अवलंबून असते, कारण ओहोटीला बोट चालण्याइतके पाणी राहत नाही. म्हणून वेळ आधी विचारून, जागा राखूनच निघावे. भरतीचा ढोबळ अंदाज घरबसल्याही करता येतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणतात. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, अर्थात सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. रोज ती सुमारे पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडे उशिरा पोहोचते, त्यामुळे हा हिशेब दिवस ठरवायला वापरावा. बोटीची नेमकी वेळ मात्र केंद्राकडूनच घ्यावी.

रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, नोव्हेंबर-डिसेंबरपासून येऊ लागतात आणि मे अखेरपर्यंत असतात, म्हणजे तुमच्या आईंचा सारा मुक्काम त्यांच्या हंगामातच येतो. ओहोटीला ते खाडीतल्या उघड्या चिखलावर दूरवर पांगून चरतात. भरतीला तो चिखल पाण्याखाली गेला की नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला येतात, आणि मग रस्त्याच्या कडेला उभे राहूनही जवळून दिसू शकतात. भरतीची वेळ सकाळी आठ-नऊच्या सुमारास येईल असा दिवस निवडला तर प्रकाशही चांगला मिळतो. त्या जागांवर थांबताना मोठ्याने बोलू नये, दगड टाकून थवा उडवण्याचा प्रकार कोणी करत असेल तर त्याला नम्रपणे पण ठामपणे रोखावे. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याची विश्रांती छायाचित्रासाठी मोडणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

संध्याकाळच्या फेरीसाठी नेरूळचे ज्वेल ऑफ नवी मुंबई आणि वाशीचा मिनी सी-शोर ही दोन ठिकाणे सुचवतो. दोन्हींच्या कडेला जे पाणी दिसते ते धारण तलावाचे आहे. नवी मुंबईचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने सिडको या नगरनियोजन संस्थेने शहराची आखणी करताना हे तलाव बांधले. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने दारे मिटतात, तेवढ्या वेळात पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की दारे उघडून ते बाहेर जाते. फिरणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की तलावामुळे मोठी मोकळी जागा राहिली आहे आणि वर ‘पाचपाखाडी’ यांनी सांगितलेला वारा तिथे अडत नाही. काठाने पारोसा पिंपळ, ज्याला भेंड असेही म्हणतात, जागोजागी दिसतो. त्याचे सकाळी उमललेले फूल फिकट पिवळे असते, तळाशी गडद तांबडा डाग असतो, आणि कोमेजत जाताना तेच फूल लालसर-जांभळे होते. एकाच झाडावर दोन रंगांची फुले का, हा प्रश्न आईंना पडेल, तेव्हा हे उत्तर तयार असू द्या.

नेरूळचे वंडर्स पार्क नातवंडे बरोबर असतील तर जरूर पाहावे, झाडांसाठी मुद्दाम जाण्याचे कारण नाही. कोपरखैरण्याचे निसर्ग उद्यान तुमच्या जवळ आहे आणि एके काळच्या कचराभूमीवर ते उभे राहिले आहे, या एका गोष्टीसाठीही ते पाहण्यासारखे आहे.

घणसोलीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके तपशीलवार उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. राणीची बाग आणि ऐरोलीची खाडी या दोन गोष्टी तर आता ठरल्याच. आणखी दोन शंका आहेत. कोलशेतच्या नव्या मोठ्या उद्यानाविषयी सगळीकडे ऐकू येते, तिथे आईला नेण्यात अर्थ आहे का? आणि घराजवळच्या रस्त्यांवर, म्हणजे तिकीट न काढता, मार्च-एप्रिलमध्ये काय फुलते? आईला रोज संध्याकाळी थोडे चालायला आवडते.

कोलशेत रोड

मी या उद्यानाच्या जवळच राहतो, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो. सेंट्रल पार्क फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले, त्याचे क्षेत्र २०.५ एकर आहे आणि शहरात इतकी मोकळी जागा राखली गेली ही फार चांगली गोष्ट आहे. वाटा रुंद आणि सपाट आहेत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना ते सोयीचे आहे. जपानी, चिनी, मुघल, मोरोक्कन अशा शैलींचे वेगवेगळे भाग केलेले आहेत, त्यामुळे पाहायला पुष्कळ आहे. पण बरीचशी झाडे अजून लहान आहेत आणि सावली यायला आणखी दहा-बारा वर्षे तरी द्यावी लागतील. म्हणून मार्चनंतर दिवसा नेऊ नये, जानेवारीतली सकाळ योग्य ठरेल. तिथे आणि एकूणच नव्या बागांत फिरताना मला एक गोष्ट तीव्रतेने जाणवते: विदेशी शैलीची सजावट करताना आपल्याच किनाऱ्याची उंडी, सुरंगी, बकुळ आणि समुद्रफळ ही झाडे ठळकपणे लावली आणि त्यांच्यापुढे नावांच्या पाट्या लावल्या, तर पुढच्या पिढीला कोकणची ओळख बागेतच होईल. ही झाडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पिढ्यान्‌पिढ्या सोसत आली आहेत. त्यांना जगवायला फवारे आणि जाळ्या लागत नाहीत.

रस्त्यांवरच्या फुलोऱ्याचे म्हणाल, तर फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत तुमच्या आईंना घरी बसवणार नाही इतके वैभव असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने गुलाबी टॅबेबुया फुलतो. तो अमेरिकेतून आलेला आहे, पण त्याची पाने गळून पूर्ण झाड गुलाबी होते तेव्हा बसच्या खिडकीतूनही नजर हटत नाही. त्याच सुमारास डोंगरउतारांवर पळस, काटेसावर आणि पांगारा फुलतात. पळस अकोल्यालाही भरपूर आहे, म्हणून त्यांना पांगारा दाखवा. पनवेलच्या पुढे कर्नाळा अभयारण्यात पायथ्याची वाट धरून किल्ल्याचा चढ सुरू होण्याआधीच थांबावे. पांगाऱ्याच्या लालभडक फुलांत मध प्यायला मैना, कोतवाल, हळद्या आणि सूर्यपक्षी यांची जी झुंबड उडते ती एका जागी बसून तासभर पाहता येते. एप्रिलमध्ये सोनमोहराचा पिवळा सडा रस्त्यावर पडू लागतो, बहाव्याचे घोस लोंबू लागतात आणि ताम्हण फुलायला लागतो. ताम्हण हे आपले राज्यफूल. त्याच्या पाकळ्या चुण्या पडलेल्या तलम कापडासारख्या असतात आणि उमलल्यावरचा गडद जांभळा रंग दोन-तीन दिवसांत फिकट होत जातो.

माझे मत मात्र वरच्या सर्व उत्तरांपेक्षा थोडे निराळे आहे. शक्य असेल तर आईंना श्रावणातही एकदा बोलवा. उन्हाळ्यात आपण इथे वेळेशी झगडत असतो. श्रावणात ढगांमुळे दुपारीही बाहेर पडता येते, वारा सतत असतो आणि वऱ्हाडच्या माणसाला न दिसणारी गोष्ट, म्हणजे झाडांच्या खोडांवर उगवलेली बारीक नेचे आणि हिरवेगार शेवाळ, हातभर अंतरावर दिसते. येऊरच्या उतारांवर तेरडा फुललेला असतो. घोडबंदर रस्त्यावर ओवळे येथील फुलपाखरांची बाग, ओवळेकर वाडी, रविवारी सकाळी पाहता येते आणि पाऊस ओसरला की तिथे फुलपाखरे सर्वाधिक असतात. आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातील झाडांवर अंडी घालते, हे तिथे प्रत्यक्ष पाहायला मिळू शकते. पावसाळ्यात काळजी एकच घ्यावी लागते. बागांतील पेव्हर ब्लॉकवर शेवाळ चढते आणि ते फार निसरडे असते, म्हणून पकड असलेले पादत्राण आणि हातात काठी हवीच. डोंगरउतारांवरचे कारवीचे झुडूप मात्र यंदा फुललेले भेटणार नाही. आपल्याकडची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली, म्हणजे पुढचा बहर २०३२ चा.

ऑक्टोबरमध्ये मात्र अजिबात बोलवू नका. पाऊस गेलेला, वारा पडलेला आणि जमीन ओली, अशा हवेत सातविणीच्या फुलांचा उग्र वास पुष्कळांना डोकेदुखी आणतो.

झाडांची ओळख

‘कोलशेत रोड’ यांचे श्रावणाविषयीचे मत मला मान्य आहे, फक्त राणीच्या बागेला ते लागू करू नये. जोराच्या पावसात जुन्या वृक्षांखाली उभे राहणे धोक्याचे असते. तिथले दर्शन फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपावे.

प्रवासाचे असे, की घणसोलीहून ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ठाण्याला यावे आणि तिथून भायखळ्याची गाडी धरावी. बहुतेक जलद लोकल भायखळ्याला थांबतात, पण सकाळी नऊच्या सुमारास ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत आईंना चढवणे योग्य नाही. घरून साडेनऊनंतर निघावे, ठाण्यात सुटणारी धिमी गाडी मिळाली तर बसायला जागा मिळते. साडेअकराला पोहोचलात तरी हरकत नाही, कारण या बागेत सावली इतकी दाट आहे, की फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारचे दोनही सुसह्य असतात. ठाणे स्थानकात एका गाडीतून दुसऱ्या गाडीकडे जाताना पूल टाळता येत नाही, त्यामुळे सरकता जिना किंवा लिफ्ट कुठल्या टोकाला आहे ते आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि त्या टोकाच्या डब्यात बसा. भायखळ्याला पूर्वेकडून बाहेर पडल्यावर चालत दहा मिनिटांचे अंतर आहे, टॅक्सीही मिळते.

खारघरचे सेंट्रल पार्क कोणी सुचवले नाही म्हणून सांगतो. नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आहे आणि त्या मार्गावर सेंट्रल पार्क नावाचेच स्थानक आहे. बेलापूरला लोकलमधून उतरून मेट्रो घेतली की पायऱ्यांचा त्रास फारसा होत नाही, स्थानकांत लिफ्ट आहेत. उद्यान फार विस्तीर्ण आहे आणि सावली विरळ, म्हणून संपूर्ण पाहण्याचा हट्ट न धरता पाचनंतर जाऊन प्रवेशद्वाराजवळच्या भागातच फिरावे. जाताना पाण्याची बाटली आणि डासांसाठीचे मलम बरोबर असू द्या, सूर्य मावळला की खारघरला त्याची गरज लागते.